प्रोटीन बनलं, पुढे काय?

नमस्कार मंडळी. पेपरात दर आठवड्याला काहीतरी सापडलेलं असतं, याचा जीन, त्याचा जीन, आणि आपण समजतो की जीन मिळाला म्हणजे विषय संपला. जीन नको असं मी म्हणत नाहीय, आपल्या गोव्यातल्या कोसबेनात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी तर जीन्समधली अंतरं मोजायचं एक सूत्र दिलंय जे आजही वापरात आहे, इतिहासकार म्हणून आपण त्यांचा उदोउदो करतो आणि हे विसरतो. पण आज मला बोलायचंय ते जीनच्या पुढचं. म्हणजे जीन वाचला गेला, प्रोटीन तयार झालं, आता त्या प्रोटीनचं पेशी काय करते? माझं म्हणणं असं की गर्भ घडताना बरेचसे खरे निर्णय इथे होतात.

गर्भात कुठली पेशी हाड होणार, कुठली मज्जातंतू, हे ठरवतात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. ही प्रोटीनं डीएनएवर बसून जीन्स चालू-बंद करतात, माणसात ती सुमारे 1600 प्रकारची आहेत. आणि त्यांच्यावर रासायनिक शिक्के मारले जातात. सगळ्यात कॉमन शिक्का फॉस्फेटचा. कायनेज नावाचं एन्झाइम तो चिकटवतं, फॉस्फेटवर ऋण भार असतो, त्यामुळे प्रोटीनचा आकार बदलतो किंवा दुसरं कोणीतरी त्याला येऊन धरतं. हा शिक्का काढताही येतो, हे महत्त्वाचं. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना हे 1950च्या दशकात स्नायूंमध्ये सापडलं आणि नोबेल मिळालं 1992 साली. दुसरा शिक्का युबिक्विटिन, हे स्वतःच 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन, त्याची साखळी लागली की माल थेट प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कटिंग मशीनमध्ये. त्याचं नोबेल 2004. अ‍ॅसिटिल, मिथिल, सुमो असे आणखी आहेत, पण त्यांच्यात शिरलो तर रात्र होईल.

आता बीटा-कॅटेनिन हे प्रोटीन घ्या. ते स्वतः डीएनएवर बसत नाही, टीसीएफ नावाच्या फॅक्टरचा जोडीदार आहे. पेशी ते सतत बनवते आणि सतत फोडते. एक कायनेज त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या 45व्या जागेवर फॉस्फेट लावतं, मग दुसरं 41, 37, 33 असं मागे मागे येत लावत जातं, ते बघून युबिक्विटिनवाले येतात आणि खेळ खलास. तुम्ही म्हणाल काय हा उधळेपणा! पण आपली फेरीबोट धक्क्याला लागली तरी इंजिन चालूच असतं ना, डिझेल जळतं खरं, पण निघायची वेळ झाली की लगेच सुटते. तसंच इथे, शेजारच्या पेशीकडून व्न्ट हा सिग्नल आला की फोडाफोड थांबते आणि बीटा-कॅटेनिन साठायला लागतं, नवीन जीन वाचायची वाट बघावी लागत नाही. बेडकाच्या गर्भात पाठ कुठे आणि पोट कुठे हे यावर ठरतं. आणि मोठ्या माणसात ही फोडाफोड बिघडली तर आतड्याचा कॅन्सर, म्हणजे तीच यंत्रणा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते ग्ली-थ्री, हाही एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. माशीमध्ये याचा भाऊ आहे, त्याला सीआय म्हणतात. हा प्रकार असा की फॉस्फेट लागल्यावर प्रोटिअसोम त्याला पूर्ण खात नाही, अर्धवट खातो! माशीत 155 किलोडाल्टनचं (हे प्रोटीनचं वजन मोजायचं माप) प्रोटीन आत जातं आणि 75चा तुकडा बाहेर पडतो, आणि हा उरलेला तुकडा नेमकं उलटं काम करतो, अख्खा असताना जीन चालू करायचा, आता बंद करतो. शेजारून हेजहॉग नावाचा सिग्नल आला तर कापणं थांबतं. आपल्या हाताच्या कळीत, म्हणजे गर्भात जिथून हात फुटतो तिथे, करंगळीच्या बाजूने हा सिग्नल येतो, तिकडे ग्ली-थ्री अख्खं राहतं, अंगठ्याकडे कापलेला तुकडा जास्त. पाच बोटं, प्रत्येक वेगळं, यात या कापाकापीचा मोठा वाटा आहे. ग्ली-थ्री बिघडलं की जास्तीची बोटं येतात, सहावं बोट असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, त्यातल्या काहींत कारण हे असतं, सगळ्यांत नाही.

आणि आता थॅलिडोमाइड. 1957 साली जर्मनीत हे औषध झोपेसाठी आलं, गरोदर बायकांना मळमळीवरही देत होते. 1961च्या शेवटी मागे घेतलं तोपर्यंत जगभरात 10,000च्या वर मुलं आखूड किंवा नसलेल्या हातापायांची जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या बाईंनी परवानगी अडवून धरली, कंपनी मागे लागली तरी सही केली नाही, म्हणून तिथे ते तेव्हा बाजारात आलं नाही. पण औषध करतं काय, हे कळायला जवळपास अर्धं शतक गेलं. 2010 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, आणि सेरेब्लॉन म्हणजे युबिक्विटिन लावणाऱ्या टोळीतला माल ओळखणारा गडी. औषध चिकटलं की तो भलताच माल उचलायला लागतो. कुठला, ते 2018 मध्ये कळलं: साल-फोर, हातापायांच्या घडणीतला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. जीनला धक्का नाही, डीएनए जसाच्या तसा, फक्त नको तिथे शिक्का बसला आणि तोही गर्भधारणेनंतर साधारण 20 ते 36 दिवसांच्या आत, बाईला अजून नीट कळलेलंही नसतं. गंमत म्हणा किंवा दुर्दैव, ज्यांना थॅलिडोमाइडचे बळी समजलं जात होतं त्यातल्या काही जणांच्या साल-फोर जीनमध्येच बदल निघाला. रस्ते दोन, पोचले एकाच जागी.

पुढे बसलेल्या मुलीने आत्ताच विचारलं, उंदरांवर टेस्ट केली नव्हती का? केली होती गो, पण उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये आणि साल-फोरमध्येही पकडीच्या जागची अमिनो आम्लं वेगळी आहेत, त्यामुळे पकड बसतच नाही आणि उंदराची पिल्लं धडधाकट जन्मतात. सशात मात्र हातपाय बिघडतात. आणि हेच औषध आज मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर देतात, तिथे तो गडी इकारोस आणि आयोलोस नावाचे दुसरे दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर उचलतो, जे त्या कॅन्सर पेशींना जगायला लागतात. म्हणून हे औषध सुरू असताना गर्भ राहता कामा नये, डॉक्टर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करायला लावतात. बोला, अजून कोणाचं काही?