पाणी कुणाच्या विहिरीला आलं?

[दृश्य : उन्हाळ्यातला डोंगर, उतारावर समतल चर. खाली नाल्याकाठी हिरवा पट्टा.]

पाणलोटाची कामं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून मुरवायचे चर नि बंधारे, होऊन चार-पाच वर्षं उलटली की गावात मूल्यमापनाची जीप येते. विहिरींची पातळी मोजली जाते, बागायत किती वाढली ते लिहून घेतलं जातं, टँकर कधी बंद झाला ते विचारलं जातं. अकराच्या सुमाराला ग्रामपंचायतीत बैठक बसते. बोलतात बहुतेक पुरुष, कारण त्या वेळी बाया खुरपायला गेलेल्या असतात. मग अहवालात छापून येतं, 'गावाची पाणीपातळी वाढली.'

गावाची म्हणजे नेमकी कुणाची?

पाणलोटात पाणी मुरतं वर आणि लागतं खाली. माथ्यावर चर खोदले की पाणी झिरपत येतं नाल्याकाठच्या रानात. वरचं रान म्हणजे बहुधा गायरान, वनजमीन, नाहीतर कुणा गरिबाची बरड. खालची काळी जमीन ज्यांची, त्यांचं आधीपासूनच बरं चाललेलं. विहिरीही त्यांच्याच.

विहीर कुणाची ते बघायचं तर सातबारा काढावा लागतो, आणि तिथं बाईचं नाव सापडणं मुश्कील. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे जमीन कसणाऱ्या खातेदारांमध्ये, स्त्रिया होत्या जेमतेम १४ टक्के. महाराष्ट्रात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावे जमीन करून द्यायची, लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. १९९२ मध्ये सरकारनंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली. पण अर्ज करायचा नवऱ्यानं!

[दृश्य : डोंगरवाटेनं गवताचा भारा घेऊन उतरणारी बाई.]

आता चराईबंदी, म्हणजे डोंगरावर जनावरं मोकळी चारायला मनाई. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी कसोशीनं पाळली गेली आणि डोंगर खरोखर हिरवे झाले. त्यात वाद नाही. पण बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडतो का? ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आणि बांधावर चारा आहे, त्याचं फारसं अडत नाही. भूमिहीन घरातल्या बाईच्या चार शेळ्या असतात. पोराची फी, सासूचं औषध, काहीही निघालं की त्यातली एक बाजारात जाते. नवऱ्याला न विचारता मोडता येईल अशी घरातली बहुधा तेवढीच चीजवस्तू. डोंगर बंद झाला की पहिल्या त्या विकाव्या लागतात. पुढं गवत वाढतं, ते कापून न्यायची मुभा मिळते. पूर्वी जनावर आपल्या पायानं जाऊन चरून यायचं. आता विळा घेऊन बाई जाते आणि भारा डोक्यावरून आणते. अहवालात चारा किती टन वाढला ते येतं. तो वाहिला कुणी, हा रकानाच नसतो.

पाणी आलं की दुसरं पीक येतं. कांद्याची लागवड, खुरपणी, कापसाची वेचणी ही सगळी बायांची कामं. मजूर बाईला गावातच रोज मिळू लागतो, घरदार उचलून ऊसतोडीला जाणं टळतं, हा मोठाच फायदा. तो मोजलाच पाहिजे. त्याच बाईला विचारा, पुरुषाचा रोज किती नि तुमचा किती? आणि स्वतःच्या शेतात राबणाऱ्या बाईला विचारा, दुपारी पाठ कधी टेकता? पहिलीच्या मजुरीत वाढ झाली असेल, दुसरीच्या फक्त कामात. 'महिला लाभार्थी' म्हणून दोघींना एकाच खान्यात टाकलं की दोघींचंही खरं कळत नाही.

समितीत बायका असतात. नियमच आहे. ठरावाचं रजिस्टर मात्र सहीसाठी घरी येतं. हजेरीपट बघून हे उमगणार नाही. बंधारा कुठं घालायचा हे ठरलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात, असं विचारलं तर पाच मिनिटांत उमगतं.

[दृश्य : पुरंदर तालुक्यातली कोरडवाहू रानं.]

पाणी कुणाला किती, हे आधीच ठरवणं अशक्य नाही, हे पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरनं दाखवलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबात न देता माणशी द्यायचं ठरलं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचं. भूमिहीनांनाही हक्क होता आणि उसाला बंदी. डोकी मोजली म्हणून बाईही मोजली गेली. हिस्सा मात्र कुटुंबाचाच राहिला, आणि घर सोडावं लागलेल्या बाईच्या पाण्याचं काय, हा प्रश्न उरलाच. तरी वाटपाचा विचार इथं आधी झाला होता. एरवी तो मूल्यमापन करणाऱ्याच्या गळ्यात शेवटी पडतो.

आणि शेवटी फार उशीर झालेला असतो. कामं सुरू होण्याआधीच्या पाहणीत शेळ्या कुणाच्या, सरपणाला किती लांब जावं लागतं, हे नोंदवलेलंच नसेल, तर पाच वर्षांनी तुलना कशाशी करणार? मग आठवणीवर भिस्त ठेवावी लागते. बायकांना जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला सांगतात, आधीचा आणि आताचा. पुरुषांच्या नकाशात बंधारे ठळक असतात. बायकांच्या नकाशात सरपणाची वाट असते, हापसा असतो, कुठं जायला आता मनाई आहे तेही असतं. चांगली रीत आहे, पण तिला संध्याकाळ लागते. वस्तीवर जावं लागतं, एकल बाईच्या घरी वेगळं बसावं लागतं. म्हणजे गावामागं एक-दोन मुक्काम वाढले. मूल्यमापनाचं कंत्राट गावागणिक ठरलेल्या रकमेचं असेल, तर हे मुक्काम कुणी पदरमोड करून करणार नाही. ते कामाच्या अटींत लिहावे लागतात आणि अंदाजपत्रकात धरावे लागतात.