फारियांचे पसरलेले हात

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, १९४५ साली बसवलेला एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कोसळते आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेले हे आबे फारिया, म्हणजेच १७५६ साली बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेले जुझे कुस्तोदियो द फारिया. शिल्प प्रभावी आहे, यात शंका नाही. पण ते पाहताना त्या हातांतून काही शक्ती निघून स्त्रीवर पडत असावी असा ग्रह होतो, आणि फारियांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून नेमकी हीच समजूत खोडून काढली होती.

ही समजूत रुजवली होती ती वैद्य फ्रान्झ मेस्मर यांनी. त्यांचे म्हणणे असे होते, की सजीवांतून एक अदृश्य द्रव वाहतो आणि उपचारक तो रोग्याच्या शरीरात वळवू शकतो. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने या दाव्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेतील जर्दाळूचे एक झाड मेस्मर यांच्या शिष्याने ‘भारून’ ठेवले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडामागून झाडाला मिठी मारायला लावले. चौथ्या झाडापाशी त्याची शुद्ध हरपली; भारलेले झाड तेथून बरेच दूर होते. डोळे बांधून घेतलेली ही परीक्षा आज प्रायोगिक मानसशास्त्राच्या पूर्वेतिहासात मानाने सांगितली जाते. आयोगाने द्रव नाकारला, जे घडले ते कल्पनेचे काम ठरवले आणि प्रकरण मिटवले. वास्तविक नुसत्या कल्पनेने माणसाची शुद्ध हरपते ती कशी, हा खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होत होता.

तो फारियांनी हाती घेतला. १८१३ पासून पॅरिसमधील जाहीर सभांत ते समोरच्या व्यक्तीला आरामात बसवत, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करण्यास सांगत आणि मग मोठ्याने आज्ञा देत, ‘झोपा!’ काहींना झोप लागे, काहींना मुळीच लागत नसे. निद्रा लावणाऱ्याकडून काहीही बाहेर पडत नाही, सारे काही झोपणाऱ्याच्या ठायी घडते, असे त्यांनी १८१९ साली, म्हणजे निधनाच्याच वर्षी, ग्रंथरूपाने मांडले. लिस्बनच्या राजदरबारात प्रवचनाला उभ्या राहिलेल्या तरुण फारियांची वाचा बसली आणि वडिलांनी कोकणीत पुटपुटलेल्या ‘कातर रे भाजी’ (म्हणजे समोरचे सगळे भाजी समज आणि काप) या शब्दांनी ती मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. कथा गोड आहे, पण तिला शब्दांच्या प्रभावाचा पुरावा मानता येणार नाही.

पुराव्याच्या दिशेने हा विचार नेला तो संमोहनाचेच अभ्यासक असलेले अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांनी. काही जणांना खरोखर संमोहित करून आणि काहींना तसे सोंग करायला सांगून त्यांनी पाहिले, तेव्हा कोण कोणत्या गटातला हे अनुभवी संमोहनकारालाही खात्रीने ओळखता येईना. १९६२ साली त्यांनी आणखी एक साधे निरीक्षण नोंदवले. ओळखीच्या माणसाला ‘माझे एक काम कराल का?’ असे विचारून पाच जोर काढायला सांगितले, की तो चकित होऊन ‘कशाला?’ म्हणे, प्रयोगात भाग घेण्यास होकार दिलेला माणूस मात्र ‘कुठे?’ एवढेच विचारी. दुसऱ्या एका चाचणीत प्रत्येकी २२४ बेरजा असलेल्या २,००० कागदांचा ढीग पुढे ठेवण्यात आला होता. माणसे कंटाळून उठतील अशी अपेक्षा होती, पण साडेपाच तासांनी हार मानली ती प्रयोगकर्त्याने!

सहभागी व्यक्ती प्रयोगशाळेत निष्क्रियपणे बसून राहत नाही. येथे आपल्याकडून काय अपेक्षित आहे याचा ती खोलीवरून, सूचनांवरून, समोरच्याच्या स्वरावरून अंदाज बांधते आणि पुष्कळदा त्या अपेक्षेला साथ देते, असा ऑर्न यांचा निष्कर्ष होता. फारियांनी झोपणाऱ्याविषयी जे म्हटले होते, त्याच्या हे किती जवळ आहे!

याच आधारे ऑर्न यांनी एका सहकाऱ्यासह १९६८ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांच्या आज्ञापालनावरील प्रसिद्ध प्रयोगावर हरकत घेतली. त्या प्रयोगात ४० पैकी २६ पुरुषांनी प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून दुसऱ्या एका माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचे विजेचे धक्के ‘दिले’ होते; धक्के खोटे होते, पण हे त्या पुरुषांना सांगितलेले नव्हते. विद्यापीठात कोणाच्या जिवाशी खेळ होऊ देणार नाहीत, हे त्यांनी मनोमन ताडले असेल, तर त्यांची ती कृती क्रूर आज्ञापालन ठरते का, असा हरकतीचा रोख होता. बहुतेकांना धक्के खरेच वाटले होते, असे मिलग्रम यांचे उत्तर होते. त्यावरचा वाद मानसशास्त्रात अजून चालू आहे.