हाताला उत्तर मिळायला हवं

नमस्कार. घरात बसून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये अंग हलवून खेळायचे प्रकार असावेत की नसावेत, असा आजचा विषय आहे. मी पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. सेन्सर हा माझा रोजचा विषय, आणि भाच्यांबरोबर तासन् तास खेळणारी मावशीही मीच. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. असावेत. पण जिथे हाताला उत्तर मिळतं, तिथेच असावेत. हे 'उत्तर' म्हणजे काय, ते सांगायलाच मी आज उभी आहे.

२००८ साली आई आणि मी न्यू जर्सीला बहिणीकडे गेलो होतो. आईचं वय तेव्हा अडुसष्ट. बहिणीच्या मुलाकडे दोन प्रकारचे गेम होते. एकाच्या कंट्रोलरला दोन दांड्या आणि डझनभर बटणं. आईने तो हातात घेतला. आधी हाताकडे बघायची, मग पडद्याकडे, परत हाताकडे. तोवर पडद्यावरचा माणूस मेलेला असायचा. दोन मिनिटांत तिने तो खाली ठेवला. तिला कोणी हसलं नव्हतं, तरी ती ओशाळली होती, हे मला दिसलं. दुसऱ्या दिवशी भाच्याने निंटेंडो कंपनीचा वी, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, लावलं आणि तिच्या हातात टीव्हीच्या रिमोटसारखी एक पांढरी कांडी दिली. "आजी, हे खालचं बटण दाबून धर, हात मागे ने, आणि पुढे आणताना सोड." बोलिंगचा खेळ होता. तिसऱ्या खेपेला तिने सगळे पिन पाडले.

आईने आयुष्यात बोलिंग पाहिलं नव्हतं. पण वाड्याच्या अंगणात लगोरी खूप खेळली होती. लांबून रचलेल्या गोष्टीवर नेम धरून फेकायचं, हे तिच्या खांद्याला साठ वर्षांपासून येत होतं. यंत्राने तिच्याकडून नवीन काही शिकून घेण्याचा हट्ट धरला नाही. तिला जे येत होतं तेच त्याने मागितलं.

सातोरू इवाता तेव्हा निंटेंडोचे प्रमुख होते. सप्टेंबर २००५ मध्ये टोकियोच्या गेम शोमध्ये त्यांनी ही कांडी पहिल्यांदा दाखवली. एका हातात मावणारी, रिमोटसारखी दिसणारी. घरातला कोणीही टीव्हीचा रिमोट न घाबरता उचलतो, तसं हेही उचललं जावं, हा हेतू होता. वी २००६ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आला आणि अखेरपर्यंत जगभरात १० कोटींहून अधिक विकला गेला. या आकड्यात माझ्या आईसारखी किती माणसं होती, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण त्यांच्यासाठीच ती कांडी घडवली होती, याबद्दल मला शंका नाही.

आता जरा ती कांडी उघडून बघू. आत एक ॲक्सेलरोमीटर आहे. वेग किती झपाट्याने बदलतोय, ते तो तीन दिशांनी मोजतो. गुरुत्वाकर्षणाची ओढही त्याला जाणवते. कांडी स्थिर असेल तर 'खाली' कुठे आहे हे त्याला अचूक कळतं, आणि त्यावरून कांडी किती कलली आहे तेही. पण तुम्ही हात जोरात फिरवलात की गुरुत्वाची ओढ आणि हाताचा हिसका एकमेकांत मिसळतात. मग कांडी वळली की सरकली, हे त्याला सांगता येत नाही. एवढंच कळतं की काहीतरी जोरात हललं. दुसरा भाग म्हणजे कांडीच्या तोंडाशी असलेला इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला सगळे 'सेन्सर बार' म्हणतात, पण ती पट्टी काहीच मोजत नाही. तिच्या दोन टोकांना फक्त इन्फ्रारेड दिवे आहेत. बघण्याचं काम कांडी करते. त्या पट्टीच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी चालतं. मी वर्गात हा प्रयोग करून दाखवते. मेणबत्त्या लावल्यावर पडद्यावरचा बाण हलला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की, वीचे चांगले खेळ या मर्यादेला ओळखून बेतलेले होते. टेनिस घ्या. त्यात तुम्हाला पळावं लागत नाही, पडद्यावरचा खेळाडू आपोआप चेंडूखाली जातो. तुम्ही फक्त हात फिरवायचा, योग्य क्षणी. अर्धा खेळ काढून टाकला, म्हणून उरलेला अर्धा नीट झाला. यावर आक्षेप असा की सोफ्यावर लोळत नुसतं मनगट हिसकलं तरी तोच फटका बसतो. खरं आहे. पण माझी आई सोफ्यावर लोळत खेळली नाही. फटका मारायचा तर उभं राहून मारायचा, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

बिघाड झाला तो पुढे. वी खपतोय म्हटल्यावर ज्याने त्याने आपल्या गेममध्ये कांडी हलवणं घुसवलं. २०१० सालचा 'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स' हा मुळात फार सुंदर गेम आहे. उड्या मारत जायचा, क्षणाची चूक झाली तर दरीत. त्यात माकडाला लोळत पुढे न्यायचं असेल तर कंट्रोलर झटकायचा. का? लोळण आणि झटका यांचं नातं काय? काहीच नाही. बटण जे काम एका क्षणात आणि दर वेळी सारखं करतं, ते झटका उशिरा करतो आणि कधी करतच नाही. तीन वर्षांनी हाच गेम हातात धरायच्या ३डीएसवर आला, तेव्हा ते लोळणं बटणावर आलं आणि गेम सुधारला. इंग्रजीत अशा निरर्थक हलवण्याला 'वॅगल' म्हणायला लागले. आपल्याकडे खुळखुळा हा शब्द आहेच. तान्ह्या बाळाला खुळखुळा हलवण्यात आनंद असतो, कारण हलवला की तो वाजतो. इथे ते वाजणंही नव्हतं. चिडलेल्या खेळाडूंनी पुढे सगळ्याच मोशन कंट्रोलला, म्हणजे अंग हलवून खेळण्याला, नावं ठेवली, त्याचं मूळ या झटक्यांत आहे, आणि त्यांचा राग मला पटतो.

आता उत्तराकडे येते. लहानपणी विटीदांडू खेळला असाल तर आठवा. दांडू विटीला नीट लागला तर हाताला एक गोड धक्का बसतो. कडेला लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. बॅटचंही तसंच. चेंडू बॅटच्या मधोमध बसला, हे डोळ्यांच्या आधी हाताला समजतं. खेळणारा शिकतो तो या उत्तरातून. मुंबईच्या ट्राइन गेम्सने सोनीच्या प्लेस्टेशन मूव्हसाठी गल्ली क्रिकेटचा गेम केला होता. टोकाला रंगीत चमकणारा गोळा असलेली कांडी बॅटसारखी फिरवायची. कल्पना आपल्या मातीतली, आणि आपल्याकडच्या माणसांनी ती केली याचा मला अभिमान वाटतो. पण हातात बॅट असल्यासारखा हवेत फटका मारला की हात रिकामाच पुढे जातो. कंट्रोलर थरथरतो, बस. षटकार आणि झेल, दोन्ही हाताला सारखेच.

तलवारीचं दुखणं याहून मोठं. वीच्या कांडीला २००९ मध्ये मोशनप्लस नावाचा जोड मिळाला. त्यात जायरोस्कोप होता, त्यामुळे मनगट कसं वळलं हे आता मोजता येऊ लागलं. त्याच्या भरवशावर २०११ मध्ये 'झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड' आला. शत्रू ज्या बाजूने ढाल धरतो त्याच्या उलट बाजूने तुम्ही वार करायचा. कल्पना मला अजून आवडते, पहिले दोन तास मी भारावून खेळले. पण शत्रूने वार अडवला की पडद्यावरची तलवार थांबते, माझा हात मात्र पुढे निघून गेलेला असतो. आता माझा हात एकीकडे, पडद्यावरचा दुसरीकडे. शिवाय जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो, त्याची बेरीज करत करत दिशा काढावी लागते. त्या बेरजेत चूक हळूहळू साठते, म्हणून मधूनच कंट्रोलर पुन्हा सरळ करून घ्यावा लागतो. २०२१ मध्ये हा गेम निंटेंडोच्या स्विच या नंतरच्या यंत्रावर आला तेव्हा कंट्रोलरच्या दांडीने वार करण्याची सोय दिली. ती सोय द्यावी लागली, यातच काय ते आलं.

मनगटाच्या दोरीची गोष्टही मी याच नजरेने बघते. वी आल्यावर काही आठवड्यांतच हातातून सुटलेल्या कांड्या टीव्हीवर आदळू लागल्या. निंटेंडोने ०.६ मिलिमीटरची दोरी १ मिलिमीटरची केली आणि सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी केली. लोक निष्काळजी होते असं तेव्हा बोललं गेलं. मला ते अन्यायाचं वाटतं. बोलिंगमध्ये हात पुढे आल्यावर चेंडू सोडायचा असतो, हे शरीराला माहीत आहे. तुम्ही त्याला तीच हालचाल करायला सांगता, आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची क्रिया करू नको म्हणता. बोटं उघडणारच.

इथे एक गोष्ट डावखुऱ्यांच्या वतीने सांगायलाच हवी, कारण मी डावखुरी आहे. झेल्डाच्या गेममधला नायक लिंक वर्षानुवर्षं डावखुरा होता. आमच्यासारख्यांना त्याचं फार कौतुक. त्याच मालिकेतला 'ट्वायलाइट प्रिन्सेस' वीवर आणताना प्रश्न आला: बहुतेक लोक कांडी उजव्या हातात धरणार. मग निंटेंडोने गेममधलं अख्खं जग आरशातल्यासारखं उलटं केलं. पूर्वेची गावं पश्चिमेला गेली आणि लिंक उजव्या हाताचा झाला. बटण दाबताना तुमचा कुठला हात चालतो याला महत्त्व नसतं. अंगाने खेळायचं म्हटलं की अंग कोणाचं, हा प्रश्न येतोच. ज्याचा खांदा वर जात नाही, जो खुर्चीतून उठू शकत नाही, ज्याचा हात थरथरतो, त्याचं काय? म्हणून माझी ठाम मागणी आहे की हालचाल सक्तीची नसावी. प्रत्येक गेममध्ये ती बंद करता आली पाहिजे.

आणि घर कोणाचं, हाही प्रश्न आहेच. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी कायनेक्ट आणला. हातात काहीच धरायचं नाही, कॅमेरा तुमचं सगळं शरीर बघणार. 'कंट्रोलर तुम्हीच' अशी त्याची जाहिरात होती. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले. माझ्या मामेभावाने तो गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत लावला. एकट्याने खेळायचं तर कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर उभं राहायचं, दोघांनी खेळायचं तर आठ. दिवाण उभा करून भिंतीला टेकवला, शिलाई मशीन गॅलरीत गेलं, मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आणि डोक्यावर पंखा. पोरगं उडी मारणार म्हटलं की पंखा बंद, मे महिन्यात. महिन्याभरात तो कॅमेरा कपाटावर गेला. ज्यांनी ते यंत्र घडवलं त्यांच्या डोळ्यांसमोरचं घर वेगळं होतं. 'घरातला गेम' म्हणताना दिवाणखान्याची लांबी-रुंदी मनात गृहीत धरलेली असते, ती बोलून दाखवली पाहिजे.

तरीही कायनेक्टवरचं एक काम मी मनापासून वाखाणते: 'डान्स सेंट्रल'. नाचाला हातात वस्तू लागत नाही, समोरून धक्का लागत नाही. पाय जमिनीवर पडतो, जमीन उत्तर देते, गाणं ठेका देतं. त्याच कायनेक्टवर गाडी चालवायचा गेम होता, हवेत न दिसणारं स्टिअरिंग धरून. दहा मिनिटांत दंड भरून येतात, कारण हाताला टेकायला काहीच नाही. यंत्र तेच, कॅमेरा तोच. मायक्रोसॉफ्टने पुढच्या एक्सबॉक्सबरोबर कायनेक्ट सक्तीने दिला, किंमत १०० डॉलरने जास्त पडली, वर्षभराच्या आत तो वेगळा काढावा लागला. २०१७ मध्ये उत्पादनच थांबलं. झाली ती गोष्ट.

मग टिकलं काय? मनगट टिकलं. 'स्प्लाटून' २०१५ मध्ये आला. रंगाच्या पिचकाऱ्या मारायचा गेम, रंगपंचमीच म्हणा. त्यात नेम धरायला दांडी आणि जायरो दोन्ही. दांडीने मोठं वळायचं, आणि शेवटचा बोटभर नेम कंट्रोलर किंचित कलवून. दांडी फक्त 'किती वेगाने वळू' एवढं सांगते, त्यामुळे नेमावरून पुढे जाऊन मागे यावं लागतं. मनगट जेवढं वळवाल तेवढाच नेम वळतो. कॅरममध्ये स्ट्रायकर लावताना बोट केसभर सरकवतो ना, तीच ती सफाई. इथे उत्तर धक्क्याने मिळत नाही, डोळ्यांना त्याच क्षणी मिळतं, आणि हाताला तेवढं पुरतं. जो एकदा असं खेळला तो परत नुसत्या दांडीवर जात नाही, असा माझा अनुभव. गाजावाजा झाला हातवाऱ्यांचा, उपयोगी पडलं हे दोन अंशांचं कलणं.

शेवटी गेल्या वर्षीची एक गोष्ट. जून २०२५ मध्ये स्विच २ आला. त्याचा कंट्रोलर आडवा टेकवला की माउससारखा सरकतो. त्यावर 'ड्रॅग एक्स ड्राइव्ह' नावाचा गेम आहे, चाकांच्या खुर्चीसारख्या गाडीतून खेळायचं बास्केटबॉल. दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर, ते टेबलावर किंवा स्वतःच्या मांडीवर पुढे ढकलायचे, म्हणजे दोन चाकं फिरतात. एक हात थांबवला की गाडी वळते. खाली टेबल आहे, ते हाताला अडवतं, घासतं. गेम म्हणून तो तुटपुंजा आहे, मैदान एकच आणि दोन-तीन दिवसांत बघून संपतं. पण पंधरा मिनिटं खेळले आणि खांदे दुखायला लागले. चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचे जिथे दुखतात, बरोबर तिथे. मी कंट्रोलर खाली ठेवले, खांदे चोळले आणि परत उचलले.