परीक्षक रडतात तिथली स्टेप

मंडळी, गेल्या रविवारी दांडियाबाजारच्या आमच्या घरात गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. नात नऊ वर्षांची. टीव्हीवरच्या स्पर्धेतली लावणी मोबाइलवर पुन्हा पुन्हा लावून तिनं आपली आपणच बसवलेली. छान नाचत होती आणि मधेच खांबासारखी उभी. ढोलकी चालू, बाईसाहेब गप्प. म्हटलं, "विसरलीस का गं?" तर म्हणते, "नाही आबा, इथं परीक्षक रडतात. पुढची स्टेप दाखवलीच नाहीये."

मी हसलो. सूनबाई हसली नाही. "मग तुम्हीच दाखवा," म्हणाली. माझा नाच इथल्या निम्म्या मंडळींनी वरातीत पाहिलाय. स्टेप एकच, तीसुद्धा गुडघे शाबूत होते तेव्हाची.

रात्री चष्मा लावून मी ती लावणी पाहिली. चेहरा, कंबर, परीक्षक, परत चेहरा. चाळ बांधलेले पाय अख्ख्या गाण्यात तीनदा दिसले. पोरीनं शिकायचं कुठून?

आणि हे कुठं, तर बडोद्यात! 1880 साली सयाजीराव महाराजांचं तंजावरच्या चिमणाबाईंशी लग्न झालं, तेव्हा आंदणात नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणारे गुरू, आले. पुढे आपल्याच कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांना 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटात तारामती करायला नाचगाण्यावर पोट असणाऱ्या बायकासुद्धा मिळेनात. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषालाच लुगडं नेसवलं. त्याच वर्षी त्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कमलाबाई गोखले मोहिनी झाल्या. कथा ठाऊकच आहे, मोहिनीचं बघून बघून नाचता नाचता भस्मासुरानं हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवला. आमच्या घरात भस्मासुर कोण, हे मी सुनेला विचारलेलं नाही.

टीव्हीला नुसती नावं ठेवून भागायचं नाही. तो नसता तर आमच्या पोरीला लावणी दिसली कुठे असती? आपण काय दाखवलं? क्लासची फी ऐकली की खंडेराव मार्केटात भाजी घ्यायला आल्यासारखे घासाघीस करतो. मुलं स्टेजवर चढली की सगळे मोबाइल वर! टाळीला हात मोकळा कुणाचा असतो? गरब्यात नऊ रात्री गोल फिरताना मात्र पुढच्याचे पाय बघूनच शिकलो ना आपण?

सूनबाई अजून लावणी शिकवणारी बाई शोधतेय. कार्यक्रम तोंडावर आलाय आणि त्या आठ मात्रा तशाच रिकाम्या आहेत. काल नात विचारत होती, "आबा, तिथं मी रडू का?"