बोल्टमधला हायड्रोजन

कुपवाड एमआयडीसीतलं झिंक प्लेटिंगचं युनिट. बॅरलमध्ये 12.9 ग्रेडचे, म्हणजे अतिशय कणखर पोलादाचे काळे बोल्ट संथ फिरतायत. थोड्या वेळात चकचकीत होऊन निघतील. यातलाच एखादा बोल्ट बरोबर टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाला आवळूनही दुसऱ्या दिवशी तुटू शकतो. धक्का नाही, जादा भार नाही, आणि डोकं निखळलेलं.

कारण हायड्रोजन. गंज काढायला बोल्ट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवले की हायड्रोजन सुटतो. प्लेटिंगच्या टाकीत जस्ताबरोबरही येतो. बराचसा बुडबुडे होऊन उडून जातो, थोडा मात्र सुट्या अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. बोल्ट आवळला की डोक्याखालच्या कोपऱ्यात आणि आट्यांच्या तळाशी ताण एकवटतो. हायड्रोजन हळूहळू तिकडे सरकतो आणि पोलादाच्या दाण्यांची एकमेकांवरची पकड सैल करतो. सरकायला वेळ लागतो, म्हणून बोल्ट उशिरा तुटतो. तुटलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: खडीसाखर फोडावी तसे टोकदार, सुटे दाणे.

1875 साली इंग्लंडमध्ये विल्यम जॉन्सन यांनी हे नोंदवलं होतं. ॲसिडमधून काढलेली लोखंडी तार वाकवताच तुटते, ओल्या तुटक्या टोकावर बुडबुडे येतात. तीच तार ठेवून दिली, तर हळूहळू पुन्हा चिवट होते. बेकिंगचं, म्हणजे प्लेटिंगनंतर बोल्ट ओव्हनमध्ये तापवून हायड्रोजन बाहेर काढण्याचं मूळ यातच आहे.

प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बोल्ट ओव्हनमध्ये गेलेच पाहिजेत. तापमान 190 ते 220 अंश सेल्सिअस. वेळ मोजायची बोल्ट तापल्यापासून, स्विच दाबल्यापासून नव्हे. ट्रे तुडुंब भरला की मधले बोल्ट फार उशिरा तापतात, म्हणून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ढिगाच्या मधोमध हवी. चकचकीत जस्ताचा थर दाट असतो, हायड्रोजनला सहजी बाहेर सोडत नाही. या ग्रेडला चार तास अपुरे. 8 ते 24 तास द्यावेत. पॅसिव्हेशन, म्हणजे जस्तावर चढवायचा संरक्षक रासायनिक थर, त्यानंतरच; आधी केलं तर तो थर उष्णतेने खराब होतो.

खरी चूक बहुतेक वेळा आधीच झालेली असते. गंज जास्त दिसला म्हणून बोल्ट जेवणाच्या सुट्टीभर ॲसिडमध्येच राहतात. अशा मालाला शॉट ब्लास्टिंग करावं, म्हणजे छर्रे मारून गंज काढावा, ॲसिड नुसतं लागून जावं, तेही इनहिबिटर, म्हणजे पोलादावरचा ॲसिडचा मारा कमी करणारं रसायन घालून. रात्रभर थांबलेला लॉट सकाळी बेक करणं ही दुसरी चूक. तोवर आतल्या ताणाने बारीक तडे गेलेले असू शकतात. ओव्हन हायड्रोजन काढतो, तडा सांधत नाही.

माल सोडण्याआधी नमुन्याचे बोल्ट डोक्याखाली तिरपी पाचर घालून प्लेटमध्ये आवळायचे आणि 48 तास तसेच ठेवायचे. एक जरी तुटला, तरी तो लॉट युनिटबाहेर जात नाही.