पायरीची उंची : बेस्टच्या बसगाड्यांची गोष्ट

(दृश्य : कुर्ला स्थानकाबाहेरचा बसथांबा, सकाळची गर्दी. कॅमेरा बसच्या दाराशी, पायऱ्यांच्या उंचीवर.)

बस येताना दिसली की मुंबईकर आधी पाटीवरचा देवनागरी आकडा वाचतो आणि धावत सुटतो. गाडी कुठल्या कंपनीची, इंजिन पुढे की मागे, आतली फरशी रस्त्यापासून किती उंच, याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला असतो? पण दोन्ही गुडघे दुखणाऱ्या आजीला, पोटुशा बाईला, डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणीला ही उंची पहिल्याच पायरीवर कळते. पुढची काही मिनिटं आपण बेस्टच्या गाड्या त्यांच्या बाजूने पाहू या.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. ट्राम, मग बस.)

मुंबईची पहिली मोटारबस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. तेव्हा रस्त्यावर राज्य होतं ट्रामचं. १९३७ साली दुमजली बस आली आणि १९४७ साली बेस्टचा कारभार महापालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बंद झाली, तेव्हा तिचा सगळा भार बसवर पडला.

हा भार पेलण्यात दुमजली गाडीचा वाटा मोठा होता. रस्त्यावर ती जागा घेते साध्या बसएवढीच, पण माणसं नेते कितीतरी जास्त. अशोक लेलँडने १९६७ साली ‘टायटन’ आणली आणि पुढे अनेक वर्षं मुंबईकरांच्या डोळ्यांसमोरची डबल डेकर म्हणजे तीच होती. एक काळ असाही होता की ट्रकसारखं तोंड पुढे आणि दुमजली डबा मागे जोडलेला, अशा गाड्या मुंबईत धावत. त्यात चालक एकीकडे आणि प्रवासी दुसरीकडे! डबल डेकरला वाहक दोन लागत, एक खाली, एक वर. दोरी ओढून दिलेली डबल घंटा, तिकिटाच्या पेटीवर चिमट्याची टिकटिक आणि “पुढे चला, पुढे चला” हा पुकारा. दोन वाहकांचा पगार आणि वाढता खर्च यांमुळे पुढे या गाड्या कमी होत गेल्या, हे खरं आहे. पण गर्दीच्या शहरात खर्च गाडीमागे मोजायचा की नेलेल्या माणसामागे? मला दुसरा हिशेब योग्य वाटतो.

(दृश्य : आगारात उभी जुनी एकमजली बस. चालकाशेजारचं इंजिनाचं झाकण.)

एकमजली गाड्यांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे बस बहुतेक वेळा ट्रकच्या सांगाड्यावर बांधली गेली. ट्रकचा सांगाडा उंच असतो, कारण त्याला माल वाहायचा असतो. मालाला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, माणसाला लागतात. इंजिन पुढे, चालकाच्या डाव्या हाताला. मे महिन्यात त्या झाकणाशेजारी आठ तास बसून क्लच दाबणाऱ्या चालकाचं काय होत असेल, याचा विचार गाडी आखताना फारसा झालेला दिसत नाही.

२००८ साली केंद्राने शहरी बससाठी निकष ठरवले. फरशीची उंची ४००, ६५० किंवा ९०० मिलिमीटर. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या पैशातून देशभरातल्या शहरांना अशा गाड्या मिळाल्या, मुंबईलाही. इंजिन मागे गेलं, दारं रुंद झाली. मात्र ४०० मिलिमीटरची फरशी म्हणजे चांगला रस्ता हवा. खड्डे, गतिरोधक, जुलैत हिंदमाताला साचणारं पाणी यांपुढे ती टिकवणं अवघड. म्हणून ६५० चा मधला मार्ग अनेकांना सोयीचा वाटला. याच सुमारास जांभळ्या रंगाच्या वातानुकूलित किंगलाँग गाड्याही आल्या होत्या. त्या सतत बंद पडत, देखभालीचा खर्च परवडेना. अखेर एप्रिल २०१७ मध्ये बेस्टने वातानुकूलित सेवाच थांबवली.

(दृश्य : विजेवरची मिडी (मध्यम लांबीची) बस अरुंद गल्लीतून वळताना.)

नोव्हेंबर २०१७ मध्ये विजेवरच्या पहिल्या गाड्या आल्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये झालं आणि भाडेतत्त्वावरच्या छोट्या वातानुकूलित गाड्यांचा ओघ सुरू झाला. गाडी आणि चालक ठेकेदाराचे, पैसे किलोमीटरमागे. एकेकाळी चार हजारांहून जास्त गाड्यांचा ताफा बाळगणाऱ्या बेस्टच्या स्वतःच्या गाड्या आता हजाराच्याही खाली आल्या आहेत. गोवंडीच्या गल्लीत मिडी बस हवीच, तिथे बारा मीटरची गाडी वळणार नाही. पण जिथे थांब्यावर शंभर माणसं उभी असतात, तिथेही नऊ मीटरची गाडी पाठवली तर निम्मे लोक थांब्यावरच राहतात. रस्ता बघून गाडी निवडायला हवी. ठेक्यात जी स्वस्त पडली ती सगळीकडे, असं चालणार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये स्विच कंपनीची विजेवरची वातानुकूलित डबल डेकर रस्त्यावर आली. वर जायला दोन जिने, दारं आपोआप मिटणारी. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला अंधेरीतल्या आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर शेवटची जुनी डिझेल डबल डेकर धावली. लोकांनी तिला हार घातले होते.

नव्या गाडीला क्लच नाही, गिअर नाही. पायाखालचं पेडल दाबताच वीज पूर्ण जोर देते. वर्षानुवर्षं डिझेलची गाडी चालवलेल्या पायाला ही सवय नव्याने लावावी लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात विजेवरच्या बसचा भीषण अपघात झाला, माणसं गेली, आणि चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न सगळ्यांसमोर आला. गाडीचं मॉडेल बदलणं म्हणजे चालक नव्याने घडवणंही आहे, आणि त्यासाठी दिलेले दिवस ठेक्याच्या कागदावर लिहिलेले असायला हवेत.

(दृश्य : खालच्या फरशीची बस थांब्यावर. दारातला रॅम्प.)

विजेवरच्या मोठ्या, खालच्या फरशीच्या गाड्यांत चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प असतो. तो टेकायला बस फुटपाथला खेटून उभी राहिली पाहिजे. आपल्या कित्येक थांब्यांपुढे रिक्षा आणि दुचाकी लावलेल्या असतात. बस रस्त्याच्या मधोमध थांबते, चाकाची खुर्ची फुटपाथवरच राहते, आणि त्या रॅम्पवर खर्च केलेले पैसे वाया जातात. थांब्यापुढची तेवढी बारा मीटर जागा मोकळी ठेवणं, हे काम वाहतूक पोलिसांचं आणि पालिकेचं आहे, आणि ते आजच करता येण्याजोगं आहे.