पाटी हातात येण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

जून महिना जवळ आला की बालवाडीच्या दाराशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "बाई, मुळाक्षरे कधीपासून शिकवणार?" साडेतीन वर्षांच्या मुलाने पाटीवर 'क' गिरवला की त्याचे शिक्षण सुरू झाले, असे आपण धरून चालतो. वास्तविक वाचायला शिकण्याच्या तयारीचा मोठा भाग पाटी हातात येण्यापूर्वीच, कानाने आणि तोंडाने, होत असतो. तो कच्चा राहिला तर अक्षरे गिरवण्याची मेहनत बरीचशी वाया जाते.

ही तयारी जन्माच्याही आधी सुरू होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येत असतो, आणि जन्मल्यावर ते तो आवाज ओळखते. यापुढची गोष्ट मराठी माणसाला विशेष गमतीची वाटावी. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातील दोन मानसशास्त्रज्ञांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील 'त' आणि 'ट' हे उच्चार ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोहोचलेल्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना तो कळला. जे उच्चार घरात वेगळे मानले जात नाहीत, त्यांतील भेदाकडे कान हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. आपल्या घरात 'ताट' म्हणताना दोन्ही उच्चार एका दमात होतात, म्हणून आपल्या बाळाचा कान तो भेद घट्ट धरून ठेवतो. आपण ज्याला 'काही न कळणारे वय' म्हणतो, त्या वयात केवढी निवड चालू असते ते यावरून लक्षात यावे.

ही निवड माणसांच्या सहवासात होते. अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली असे दाखवले की नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी एखादी व्यक्ती समोर बसून चिनी भाषेत खेळली, तर ती बाळे त्या भाषेचे उच्चार टिपू लागतात. तीच भाषा पडद्यावरून ऐकवली तर त्यांच्यात तसा फरक पडत नाही. मोबाइलवर बालगीते लावून घास भरवण्याची जी पद्धत आता घरोघरी रुळली आहे, तिचा भाषेला फायदा होतो असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या सूचनांप्रमाणे पहिली दोन वर्षे पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाहून अधिक नको.

मग बोलायचे काय, असे तरुण आईवडील विचारतात. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आजी मेथी निवडायला बसते, नात शेजारी येऊन पाने ओढते. "ही जून आहे, ही कोवळी. देठ इकडे टाक, पान परातीत टाक," असे आजी सहज बोलत जाते. जून, कोवळी, देठ, परात हे शब्द त्या मुलीला वस्तू हातात असतानाच मिळतात. दोन वर्षांच्या आसपास मूल दोन शब्द जोडू लागते. "बाबा गाडी," असे ते म्हणाले, तर "हो, बाबा गाडीवरून बाजारात गेले," असे म्हणून त्याचे वाक्य पुरे करून द्यावे. "नीट बोल" असे दरडावल्याने मूल गप्प होते, एवढाच काय तो परिणाम.

आता अक्षरांकडे येऊ. वाचणाऱ्या मुलाला शब्दांतील ध्वनी सुटे करून ऐकता यावे लागतात. 'कमळ' या शब्दाची सुरुवात 'क'ने होते आणि 'कप' याचीही तशीच होते, हे कानाला जाणवले तरच 'क' या आकृतीला काही अर्थ येतो. ही जाण देणारे खेळ आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. प्रवासात रंगणाऱ्या गाण्यांच्या भेंड्यांत शब्दाचा शेवटचा ध्वनी पकडण्याचा सराव होतो. त्याहून अवघड म्हणजे शाळकरी मुलांची 'च'ची भाषा. "मला पाणी हवे" याचे "चलाम चाणीप चवेह" करताना मूल 'पा'मधला 'प' उचलून शब्दाच्या शेवटी ठेवते आणि मागे उरलेला 'आ' 'च'ला जोडते. अक्षरातून व्यंजन आणि स्वर वेगळे काढण्याचे हे काम बाराखडीच्या मुळाशी आहे. मोठ्यांना न कळावे म्हणून मुले ती भाषा बोलतात, आणि मोठी माणसे वैतागून त्यांना गप्प करतात! माझ्या मते त्यांना थोडे बोलू द्यावे.

मराठीची लिपी बरीचशी उच्चारानुसारी आहे, हे खरे. पण ती तितकी सोपी नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते, उच्चारात मात्र ती नंतर येते, म्हणून मूल अडखळले तर त्यात नवल नाही. 'चहा' आणि 'चमचा' यांतील 'च' एकाच रीतीने लिहिला जातो, पण उच्चार दोन आहेत. कोणता कुठे करायचा हे पाटी सांगत नाही. ते मुलाने घरात ऐकलेल्या शब्दांवरूनच ठरते. मुळाक्षरे आणि बाराखडी नुसती घोकून घेतलेल्या मुलाला 'च' ओळखता येतो, पण ज्याने 'चमचा' शंभरदा ऐकला आहे त्याला तो वाचताही येतो.

म्हणूनच घरची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवायला लावणे मला अयोग्य वाटते. वऱ्हाडातले किंवा खानदेशातले मूल 'डोळा' याला 'डोया' म्हणते, तेव्हा ते बोबडे बोलत नसते; आपल्या बोलीचा नियम अचूक पाळत असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे वारली मुलांसाठी त्यांनी अंगणवाडी पाड्यावरच, मुलांच्या अंगणात भरवली. शिंपले, पाने, बिया अशा आसपासच्या वस्तू शिकवण्याची साधने झाल्या, आणि ज्या वस्तूंविषयी मुलांकडे आधीच पुष्कळ बोलण्यासारखे होते त्यांवरूनच शिकणे सुरू झाले.

शेवटी उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयी. "मुलगे उशिराच बोलतात," "याचा बापही चौथ्या वर्षी बोलला," असे म्हणून मौल्यवान महिने घालवले जातात. कुठे कुठे जिभेवर वेखंड उगाळून लावतात. घरात दोन भाषा असल्यामुळे मूल गोंधळते आणि मुके राहते, हाही एक गैरसमजच आहे. पहिली शंका ऐकण्याविषयी घ्यायला हवी. दर हजार नवजात बालकांपैकी साधारण एक ते तिघांना जन्मतः कमी ऐकू येते, आणि फसगत होते ती अशी की कमी ऐकणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, हसते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. मूल वर्षाचे होऊनही हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांनंतरही शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज असेल तर पुढील उपचारासाठी पाठवतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण यांवरच काम करते. तपासणीला जाताना मूल घरी कोणकोणते शब्द बोलते त्याची यादी लिहून न्यावी, आणि त्याच्या बोलण्याचे थोडे ध्वनिमुद्रण मोबाइलवर करून ठेवावे. कारण दवाखान्यात, परक्या माणसासमोर, बडबडे मूलही बहुधा तोंड उघडत नाही.

नमस्कार.